उशिरा बोलणारा सूर

कुरुमिझावा
६ जुलै २०२५

नाना,

या आठवड्यात तुमचा फोन तीनदा लावला. तिन्ही वेळा सुचेतावहिनीनं घेतला आणि एकच निरोप दिला: "नाना म्हणतात, पत्र लिही." म्हणून लिहिते आहे. हातानं मराठी लिहून किती वर्षं झाली कोण जाणे, अक्षराला हसू नका.

मी एक तारखेला हमामात्सूहून इथं आले. कुरुमिझावा हे डोंगरउतारावरचं शंभर-सव्वाशे घरांचं गाव. मियाशिता नावाच्या कुटुंबाची इथं मोठी इस्टेट आहे. तळं, तुतीचे मळे, चार कोठारं आणि रेशमाचे किडे वाढवायची एक लांबलचक लाकडी इमारत. रेशमाचा धंदा कधीच बसला. मियाशिताबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेली बावीस वर्षं त्या इमारतीत दर ऑगस्टमध्ये त्या ऑपेरा करवतात. म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त गद्य जवळजवळ नाही. भांडणसुद्धा गाऊन करतात. तोक्योहून बसगाड्या भरून लोक येतात आणि मध्यंतरात गवतावर चटया टाकून दीड तास जेवतात.

माझं काम पियानो लावायचं. माझे वरिष्ठ हिराता-सान आणि मी, दोघंच. हवा इतकी दमट आहे की सकाळी लावलेला पियानो दुपारी बेसूर होतो. दिवसभर मी एका पियानोकडून दुसऱ्याकडे पळत असते. बसले तरी पाय हलत राहतो, असं हिराता-सानच म्हणाले.

आता मुद्दा. यंदाचा ऑपेरा नवा आहे. डोंगरातली एक शाळा बंद होते, तिच्या शेवटच्या बाईंची गोष्ट. रंगमंचावर त्या बाई पायपेटी वाजवतात. ती खरोखरच या गावच्या बंद शाळेतून आणली आहे. एकोणपन्नास पट्ट्या. आपली पेटी हवा बाहेर ढकलते, ही आत ओढते, बाकी जात तीच: पितळी रीड, चामडं, भाता. सूर मोजायच्या मीटरवर सूर बरोबर दाखवते. पण रीड उशिरा बोलतात. बोट पडतं, मग सूर येतो. गाणारी बाई तोवर पुढे गेलेली असते.

इथं असलं काम येणारं कुणी नाही. हिराता-सान म्हणाले, "यामिनी-सान, तुमचे वडील हेच करायचे ना?" चाळीस वर्षं, म्हटलं. मिरजेत आणि सांगलीत विचारा.

नाना, दहा दिवस या. खोली आहे, जेवण आहे, डोंगर आहे. संजीवदादाला मी सांगते.

यामू

*

निशी-कसाई
९ जुलै

यामिनी,

पत्र पोचलं. अक्षर बिघडलंय खरं, पण लागतं.

मला यायला जमणार नाही. मितालीच्या बालवाडीला सुट्टी लागते आहे. संजीव ऑफिसात, सुचेता घरूनच काम करते पण दिवसभर दार लावून मीटिंगमध्ये. पोरीपाशी कुणी नको का? मला मिरजेहून इथं तोक्योत आणलं ते त्यासाठीच. शिवाय गुडघा आहे.

तू करू शकशील. लहानपणी दुकानात बसून रीड पुसायचीस ते विसरली नसशील. उशिरा बोलणारा सूर म्हणजे रीडची जीभ चौकटीपासून फार वर उठलेली असते, नाही तर फार खाली बसलेली. टोकाला किंचित बाक हवा, तांदळाच्या दाण्याला असतो तेवढा. मुळाशी हात लावू नकोस. बाक देताना एकदम देऊ नये. पितळ जुनं असेल तर चिडतं. आधी सगळ्या रीड काढून कोरड्या ब्रशनं साफ कर. निम्मे रोग धुळीचे असतात.

फोनचं म्हणशील तर मला त्यावर बोलायला सुचत नाही. मोबाईलवरची अक्षरं बारीक. पत्र बरं. दोन दिवसांत पोचतं.

इथं माझं ठीक आहे. सकाळी फिरायला जातो. नदीच्या बांधापर्यंत जायचं नि परत. परत आलो की पुन्हा जावंसं वाटतं. मंगळवारी नि शुक्रवारी कचरा खाली नेतो, जळणारा वेगळा. काल दुपारी उगीच सुचेताच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या ड्रॉवरचे स्क्रू आवळले.

नाना

*

कुरुमिझावा
१४ जुलै

नाना,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. सगळ्या रीड काढल्या, ब्रशनं झाडल्या. धुळीबरोबर खडूची भुकटी निघाली, आणि एका चौकटीत शाळेतल्या कुठल्याशा पोराच्या पेन्सिलीचं शिसं. खालचे सूर आता चटकन बोलतात. अडचण वरच्या सप्तकाची आहे.

मी एकाच रीडवर दोन तऱ्हेनं बाक देऊन बघितला. पहिल्यात जीभ खाली बसवली आहे. सूर मऊ येतो, पण केसभर उशिरा. दुसऱ्यात थोडी वर उचलली आहे. लगेच बोलतो, पण मला त्यात काही तरी करकरल्यासारखं वाटतं. हिराता-सानना विचारलं तर ते म्हणाले, मी पियानोवाला, पितळेतलं मला कळत नाही. संगीत दिग्दर्शकाला घाई आहे. रोज विचारतो, झालं का.

दोन्हींचं रेकॉर्डिंग वहिनीच्या फोनवर पाठवलं आहे. ती लावून देईल. तुम्ही फक्त एवढंच कळवा: पहिला की दुसरा. तुम्ही म्हणाल तसे वरचे अठराच्या अठरा करते. तालमी एकवीसला मंचावर सुरू होतात.

तुमचा गुडघा एवढा कधीपासून दुखतोय? दादा म्हणाला, तुम्ही रोज दोन तास चालता.

एक विचारायचं होतं. मी इथं बोलावलेलं तुम्हाला आवडलं नाही का? की हे पियानोचं कामच तुम्हाला अजून आवडत नाही? तसं असेल तर तसं सांगा. नुसतं नाही म्हटलंत की मला दिवसभर तेच डोक्यात राहतं.

यामू

*

निशी-कसाई
१७ जुलै

यामिनी,

दोन्ही ऐकले. सुचेतानं दोनदा लावून दाखवले. दुसरा ठेव. स्वच्छ आहे. करकर वगैरे काही नाही, तुझ्या मनाचा खेळ आहे. सगळे तसेच कर आणि मग हात लावू नकोस.

तुझ्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. उगीच काही तरी डोक्यात घेऊ नये.

इथं उकाडा फार. मितालीला घेऊन बागेत जातो.

नाना

*

कुरुमिझावा
२२ जुलै

नाना,

काल मंचावर पहिली तालीम झाली. बाईंचं पात्र करणारी गायिका पायपेटीवर बसली, खालचे सूर छान वाजले, आणि ती वरच्या सप्तकात गेल्याबरोबर संगीत दिग्दर्शकानं हात खाली टाकले. अठरा सूर पत्र्यासारखे करकरत होते. मागच्या बाकावर बसलेल्या सुतारालाही ते कळलं. मियाशिताबाई छत्री घेऊन तळ्याकाठी उभ्या होत्या, त्यांनी तिथून वळून बघितलं.

दिग्दर्शक म्हणाला, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणा, वरून लाकडी खोकं लावू. मी पाच दिवस मागून घेतले. मग सगळे बाक उलटे द्यायला बसले, आणि त्यात दोन जिभा मुळाशी तुटल्या. हिच्या रीड आता जगात कुणी करत नाही. तुटलेल्या दोन्ही डबीत घालून ठेवल्या आहेत.

मला करकर ऐकू येत होती, नाना. पहिल्या दिवसापासून. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. तुम्ही ते रेकॉर्डिंग ऐकलंतच नाही, हो ना? ऐकणारा माणूस 'स्वच्छ आहे' म्हणणं शक्य नाही. तुम्हीच एका भजनी मंडळाची पेटी रस्त्यावरून जाताना ऐकून आत शिरला होता आणि म्हणाला होता, हिचा वरचा पंचम आजारी आहे. तेव्हा मी तुमच्यासोबत होते.

मला यावरून एकच कळतं. तुम्ही चार वर्षांपूर्वी जे तोंड फिरवलंत ते अजून फिरवलेलंच आहे. आई गेली तेव्हा मी आले नाही. आले असते तर जपानात परत घेतलं नसतं, करोनामुळे त्या महिन्यात भारतातून कुणालाच घेत नव्हते. दादाही आला नाही. तुम्ही एकट्यानं सगळं केलंत. त्यावर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फोन बंद केलात, बोलणं बंद केलंत, आणि आता कामातसुद्धा मला वाटेल ते सांगून वाटेला लावता.

मला आणखी काही लिहायचं नाही. कीबोर्ड आणतील. माझी नोकरी जाणार नाही, तेवढी काळजी नको.

यामिनी

*

निशी-कसाई
२९ जुलै

यामू,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आज टाकतो आहे.

रेकॉर्डिंग मी ऐकलं. मला दोन्हींत काहीच ऐकू आलं नाही. सुचेता फोन माझ्या कानाशी धरून उभी होती आणि मी मान हलवत होतो. मग ती म्हणाली, "कुठला?" तिचे ओठ बघून मी दुसरा म्हणालो. नाणं उडवल्यासारखं.

मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. सहा वर्षं झाली. आधी वरचं सप्तक गेलं, मग बायकांचे आवाज, पक्षी, आणि आता फोनवर कुणाचंच काही कळत नाही. मिरजेत शेवटची दोन वर्षं मी सवयीनं आणि बोटांनी पेट्या केल्या. दुकान बंद केलं तेव्हा तुम्ही दोघं समजलात की आई गेल्यामुळे केलं. मी समजू दिलं.

इथं मिताली माझ्याशी जपानीत बोलते. सगळ्यांना वाटतं, नानांना जपानी कळत नाही म्हणून ते उत्तर देत नाहीत. तेही मी वाटू दिलं. खरं म्हणजे तिचा आवाजच माझ्यापर्यंत पोचत नाही. ती मराठीत बोलली तरी तेच.

दहा तारखेला बागेत ती लोखंडी शिडीवरून पडली. मी बाकावर पाठमोरा बसलो होतो. ती मला हाका मारत होती. किती वेळ मारत होती मला ठाऊक नाही. एका जपानी बाईनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी वळलो. हनुवटी फुटली होती, रक्त फ्रॉकवर आलं होतं. घरी मी सांगितलं, पळताना पडली. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तर मला एका जागी बसवतच नाही. संजीवला सांगितलं तर तो मला तिच्यापाशी ठेवणार नाही, आणि पोरीसाठी नाही तर मग मी इथं कशाला? मिरजेत परत जाऊन कुलूप काढून कुणाशी बोलू?

आता तुझ्या आईचं. तू लिहिलंस म्हणून लिहितो, नाही तर लिहिणार नव्हतो.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ती माझ्याकडे बघून काही तरी बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता. मी वाकून विचारलं, काय? ती परत बोलली. मी म्हटलं, काय गं? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती नुसती हसली आणि डोळे मिटले. साडेपाचला गेली.

तू आली नाहीस याचा मला राग नव्हता, यामू. कधीच नव्हता. मनात एवढंच यायचं की पोरगी इथं असती तर तिला ऐकू आलं असतं. ते तुला कसं सांगायचं? म्हणून बोललो नाही.

तुझं काम मी बिघडवलं. दोन रीड माझ्यामुळे तुटल्या. जीभ तुटली तर नवी घालता येते. पितळी पत्रा, कानस, बारीक रिव्हेट. ते मला ऐकू न येता करता येतं. पण आता तुला नको असेल तर तसं लिही.

नाना

*

कुरुमिझावा
३१ जुलै

नाना,

कीबोर्ड आलेला नाही. मी मियाशिताबाईंना भेटून दहा तारखेपर्यंत मुदत मागितली आहे. वडील येऊन जिभा घालणार आहेत असं सांगून टाकलं, तुम्हाला न विचारता.

तीन तारखेला रविवार आहे. वहिनी तुम्हाला तोक्यो स्टेशनवर गाडीत बसवून देईल. उएदाला उतरा. पाटीवर नाव येतं, मी रोमन अक्षरांत कागदावर लिहून सोबत जोडलं आहे. फलाटावर मी उभी असेन. गाडीत कुणी काही बोललं तर तिकीट दाखवा.

दादाला मी तुमच्या कानांचं सांगितलेलं नाही. मितालीचंही नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

आईबद्दल जे लिहिलंत त्यावर आत्ता लिहीत नाही. समोर बसून बोलू. कानस, चिमटे, पत्रा, जे लागतं ते घेऊन या.

यामू

*

कुरुमिझावा
२५ ऑगस्ट

नाना,

काल शेवटचा प्रयोग झाला. तुम्ही सतराला गेलात, त्यानंतर तीन झाले. तुमच्या दोन्ही जिभा टिकल्या. वरचा नी शेवटच्या दिवशी किंचित चढला होता, मी मध्यंतरात मुळाशी दोन हात फिरवून उतरवला. तुम्ही दाखवलंत तसं, कानस झोपवून. हिराता-सान मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, पुढच्या वर्षी मला शिकवा. ते साठ वर्षांचे आहेत. मी एवढी गोंधळले की नुसताच वाकून नमस्कार केला.

मियाशिताबाईंनी तुमची चौकशी केली. खोऱ्यात आणखी दोन बंद शाळा आहेत, दोन्हींत पायपेट्या पडून आहेत. "पेतीकाका परत येतील का?" असं विचारलं. तो शब्द त्यांना कुणी शिकवला ते मला माहीत आहे.

आता एक लिहायचं आहे, जे समोर असताना बोलता आलं नाही. दोन आठवडे एकाच बाकावर बसून काम केलं. तुम्ही जीभ घालायचात, मी ऐकायचे, कागदावर लिहायचे: अजून जड आहे. तुम्ही कानशीचा एक हात फिरवायचात, मी लिहायचे: हां. नाटकाच्या संहितेच्या सगळ्या पाठकोऱ्या बाजू आपण भरून टाकल्या. पण आईचं नाव एकदाही निघालं नाही. मी रोज सकाळी ठरवत होते, आज विचारायचं.

ते असो. हे वेगळं आहे.

पंधराच्या रंगीत तालमीत पाऊस होता. लाकूड फुगलं आणि वरची एक पट्टी खाली अडकली. गायिकेनं हात उचलले, पण पाय भाता मारत होते म्हणून सूर चालूच राहिला. शिट्टीसारखा, एकसारखा. गाणारे थांबले, वाद्यवृंद थांबला. साठ माणसं त्या पेटीकडे बघत होती. आणि तुम्ही तिच्या शेजारी स्टुलावर, मांडीवर हात ठेवून, समाधानानं बसला होता. तालीम नुसती थोडी थांबली आहे असं तुम्हाला वाटत होतं. कुणी तरी मागे हसलं.

नाना, त्या क्षणी मला तुमची लाज वाटली. मी लगेच आले, सूर हाताला कळावा म्हणून तुमचा तळवा लाकडावर ठेवला, तुम्ही समोरची फळी काढून अर्ध्या मिनिटात पट्टी सोडवलीत आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी मी मंचाच्या कडेला काही क्षण नुसतीच उभी राहिले होते. तुमच्याकडे यावं की नाही, असं झालं होतं. ते दहा दिवस झाले मला खात आहे. तुम्ही मला एवढं सगळं लिहिलंत, आणि मी हे ठेवून घेतलं तर बरोबर नाही.

दादाशी बोललात का? त्याच्या मेसेजवरून काही कळत नाही. नेहमीसारखे अंगठे पाठवतो.

मी उद्या हमामात्सूला जाते. शनिवारी तिकडे येते. समोर बसून बोलते, आणि या वेळी खरंच बोलते.

यामू

*

निशी-कसाई
२८ ऑगस्ट

यामू,

तू कडेला उभी होतीस ते मला दिसलं होतं. तोंडही दिसलं. तुझ्या जागी मी असतो तर मलाही लाज वाटली असती, तेव्हा त्याचं एवढं घेऊ नकोस. तू आलीस. अर्ध्या मिनिटाच्या कामाला टाळ्या वाजवतात हे मात्र मला पटलं नाही. आधीच्या बारा दिवसांत कुणी वाजवल्या नाहीत.

संजीवशी बोललो. आल्यावर आठवडाभर टाळलं. रोज संध्याकाळी तो दारात आला की ठरवायचं, जेवणं होऊ देत, आणि जेवणं झाली की उद्या. रविवारी तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी जाऊन म्हटलं, संजीव, मला ऐकू येत नाही. त्यानं चिमटा लावला, दुसरा शर्ट उचलला आणि माझ्यासमोर येऊन सावकाश म्हणाला, "माहीत आहे, नाना."

मी म्हटलं, यामूनं सांगितलं? नाही म्हणाला. "आईनं सांगितलं होतं. वीस साली, फोनवर."

तुझ्या आईला ठाऊक होतं, यामू. तिनं त्याला बजावलं होतं: त्यांना कळू देऊ नकोस मला कळलंय म्हणून, ते दुकान बंद करतील. त्यांचं त्यांना सांगू दे. आणि हा गाढव पाच वर्षं वाट बघत बसला. त्याला वाटलं, थोडंसं असेल, वयाचं. मग मी मितालीचं सांगितलं. बागेतलं, खरं कसं झालं ते. तेव्हा मात्र तो चिडला. खूप चिडला, आवाज चढवून बोलला. ते मला बहुतेक सगळं ऐकू आलं. सुचेता दार उघडून बाहेर आली, तिलाही सांगितलं. ती खाली बसून रडली. पोरगी आता माझ्याबरोबर एकटी बागेत जाणार नाही. ते योग्यच आहे. पण मला परत पाठवायचं कुणी काही बोललं नाही. मीच विचारलं तर संजीव म्हणाला, "तुम्हाला जायचंय का?" खरंच अजून ठरत नाही. एक मन मिरजेचं कुलूप काढून बसायला धावतं, दुसरं म्हणतं त्या खोऱ्यातल्या दोन पेट्या बघाव्यात. घरात फेऱ्या मारतो आहे. सुचेतानं सांगितलंय, निदान ड्रॉवरना हात लावू नका.

काल ती मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी किती तरी वेळ नुसता बसून होतो. डॉक्टर म्हणाले, मशीननं माणसांचं बोलणं बरंच परत येईल. वरचे सूर येणार नाहीत. ठीक आहे, म्हटलं.

मिताली आता बोलायचं असलं की माझ्यासमोर येऊन माझा चेहरा दोन्ही हातांनी धरते आणि मग बोलते. जपानीतच. अर्धं कळतं.

आता तुझं विचारायचं राहिलं आहे ते. तू शनिवारी येऊन विचारणार, आणि समोर मला नीट सांगता येणार नाही म्हणून इथं लिहितो.

रविवारपासून मी एकच गोष्ट उलगडतो आहे. मी दुकानात पेटी लावायचो तेव्हा तुझी आई आतून म्हणायची, "वरचा नी बघा जरा." कधी धैवत, कधी वरचा सा. मी म्हणायचो, हिचा कान काय तयार झालाय. शेवटची दोन वर्षं ती रोज म्हणायची. मी सवयीनं आणि बोटांनी पेट्या केल्या असं तुला लिहिलं ना, ते खोटं निघालं. त्या तिनं केल्या.

तर तिला ठाऊक होतं. त्या दुपारी माझ्याकडे बघून ती बोलली तेव्हा मला ऐकू येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोठ्यानं बोलायची ताकद नव्हती, खूण करता आली असती, शेजारच्या वहिनी बाहेर बसल्या होत्या, त्यांना बोलवायला सांगता आलं असतं. तसं काही तिनं केलं नाही. दोनदा बोलली आणि मी 'काय? काय?' करत राहिलो तेव्हा हसली. चार वर्षं मला वाटत होतं की तिनं काही तरी सांगितलं आणि ते माझ्यामुळे वाया गेलं. आता वाटतं, मी ऐकावं म्हणून ती बोललीच नसेल. तिला बोलायचं होतं, ती बोलली. मी तिच्याजवळ बसलो होतो.

शनिवारी ये. मी स्टेशनवर येतो.

नाना